कारखान्याची अक्षरे उतरवून मॉडेल मालडब्यांवर नवे क्रमांक घालताना

कोळशाचे सहा हॉपर एकाच वेळी विकत घ्यावेत, हौसेने रुळावर ओळीने उभे करावेत आणि मग लक्षात यावे की सहाही डब्यांवर एकच क्रमांक छापलेला आहे, हा अनुभव मॉडेल रेल्वेच्या छंदात बहुतेकांना कधी ना कधी येतो. प्रत्यक्षातल्या रेल्वेत एका क्रमांकाचा डबा एकच असतो. त्यामुळे दुरून कितीही देखणा वाटला, तरी असा रेक जवळ येताच खोटा दिसू लागतो. या लेखात एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातील अमेरिकन मालडब्यांवरची कारखान्यात छापलेली अक्षरे उतरवून तेथे नवी कशी बसवावीत, हे सांगितले आहे. या प्रमाणातील तयार मालडब्यांची आणि सुट्या अक्षरांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकेत आहे आणि आपल्याकडच्या छांदिष्टांच्या कपाटातही तेथील डबे बऱ्याच संख्येने असतात. हीच कृती १:१६० च्या एन प्रमाणालाही लागू पडते, फक्त हात आणि नजर अधिक स्थिर लागते.

माझे मत आरंभीच सांगतो. जितके कमी पुसता येईल तितके पुसावे. प्रत्येक पुसण्यात शाईबरोबर खालच्या रंगाची चकाकी जाते, रिव्हेटांची टोके झिजतात आणि पुढचे काम वाढत जाते. म्हणून द्रावणाची बाटली उघडण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसणे श्रेयस्कर.

आधी डबा वाचावा

अमेरिकन बॉक्सकारच्या, म्हणजे बंदिस्त मालडब्याच्या, बाजूवर डावीकडे मालकाची ओळख सांगणारी दोन ते चार अक्षरे असतात, त्यांना रिपोर्टिंग मार्क म्हणतात. ही अक्षरे एक्सने संपत असतील, तर डबा रेल्वे कंपनीचा नसून खासगी मालकाचा असतो. त्याखाली क्रमांक, त्याखाली भारक्षमता आणि रिकाम्या डब्याचे वजन, तर उजवीकडे मापे आणि बांधणीचा महिना-वर्ष, अशी साधारण मांडणी असते. मार्क आणि क्रमांक दोन्ही बाजूंवर असतात, तसेच दोन्ही टोकांच्या भिंतींवरही असतात. म्हणजे एका डब्यावर चार ठिकाणी काम आहे आणि सहा डब्यांच्या रेकवर चोवीस ठिकाणी. टोकांकडचे क्रमांक विसरणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे. वळणावर गाडी वळली की नेमकी तीच टोके समोर येतात.

मापांचाही अंदाज असावा. प्रत्यक्षातील नऊ इंच उंचीचे अक्षर एचओमध्ये सुमारे २.६ मिलिमीटर होते, सात इंचांचे दोन मिलिमीटर आणि एक इंचाचे जेमतेम ०.३ मिलिमीटर. बारीक मजकूर नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यामुळे तो शक्यतो तसाच राहू द्यावा.

आपण कोणता काळ दाखवतो आहोत, हेही याच टप्प्यावर ठरवावे. रंगीत पट्ट्यांची स्वयंचलित ओळखपट्टी १९६७ पासून अमेरिकन डब्यांवर लागू लागली आणि १९७७ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. देखभालीच्या नोंदींची काळी चौकट सत्तरच्या दशकातली. भारक्षमतेची ओळ ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर रंगवणे बंद झाले. बाजूंवरच्या पिवळ्या किंवा पांढऱ्या परावर्तक पट्ट्या २००५ च्या नियमानंतर दहा वर्षांच्या मुदतीत सर्वत्र आल्या. १९६० च्या देखाव्यातील डब्यावर नवा क्रमांक कितीही सुबक बसवला आणि शेजारी परावर्तक पट्टी राहून गेली, तर जाणकाराची नजर आधी तेथेच जाते.

किती बदलायचे ते ठरवणे

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे क्रमांकातील शेवटचे एक किंवा दोनच अंक बदलणे. अमेरिकन कंपन्यांच्या एका मालिकेतील शेकडो डबे सारखेच असत आणि त्यांचे क्रमांकही ओळीने येत. त्यामुळे शेवटचे दोन अंक बदलले तरी डबा त्याच मालिकेत राहतो आणि बाकीचा मजकूर खरा ठरतो. मालिका कोठे सुरू होते व कोठे संपते, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

याहूनही सोपा उपाय काही वेळा अंकातच दडलेला असतो. इंग्रजी आकड्यातील ८ चा डावीकडचा थोडा भाग खरवडला की ३ होतो, वरचा उजवा भाग काढला की ६, आणि खालचा डावा भाग काढला की ९. वळणे तंतोतंत जुळत नाहीत, पण २.६ मिलिमीटरच्या अंकात हा फरक कोणालाही कळत नाही. माझ्या संग्रहातील तीन डबे या एकाच युक्तीने वेगळे झाले आहेत आणि त्यांना नवे अक्षर एकही लागलेले नाही.

सामग्री

आयसोप्रोपिल अल्कोहोल हे मुख्य द्रावण. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात सर्किट बोर्ड पुसण्यासाठी मिळते ते बहुधा ९९ टक्के शुद्ध असते. त्याचे सत्तर भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचे तीस भाग मिसळून सौम्य द्रावण करून ठेवावे. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यातील ग्लिसरीन आणि सुगंध पृष्ठभागावर थर सोडतात. नखांचा रंग काढण्याचे अ‍ॅसिटोन तर त्या टेबलावरही नको, कारण ते पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही दोन्ही प्लास्टिके विरघळवते.

याशिवाय कापसाच्या काड्या, टूथपिक, मऊ खोडरबर, २००० क्रमांकाचा पाण्याचा पॉलिशपेपर, नवे पाते बसवलेला हॉबी नाइफ, टोकदार चिमटा, मास्किंग टेप आणि भिंग लागते. डेकल बसवण्यासाठी मायक्रोस्केल कंपनीची मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही दोन द्रावणे घ्यावीत. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून बसवायची छापील फिल्म. अल्कोहोल ज्वलनशील आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवून, देवघरातील समई आणि स्वयंपाकघरातील शेगडी यांपासून दूर बसावे. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत.

अक्षरे उतरवणे

कारखान्यातील अक्षरे बहुधा सिलिकॉनच्या मऊ गादीने उमटवलेली असतात. शाईचा हा थर अतिशय पातळ असतो आणि तो डब्याच्या रंगावर बसलेला असतो. शाई मऊ व्हावी, पण खालचा रंग मऊ होऊ नये, एवढ्या अरुंद फटीत हे सगळे काम चालते. काही स्वस्त डबे रंगवलेले नसतात, त्यांचे प्लास्टिकच त्या रंगाचे असते. डब्याच्या आतल्या बाजूचा रंग बाहेरच्या रंगाशी तंतोतंत जुळत असेल, तर तो डबा बहुधा या प्रकारचा. अशा डब्यावर काम सोपे, कारण खाली जायला रंगच नसतो.

प्रथम डब्याचे कवच चौकटीपासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग चाचणी घ्यावी. पुष्कळ जण डब्याच्या पोटाखाली द्रावणाचा थेंब टाकून पाहतात, पण त्यातून रंग टिकतो की नाही एवढेच कळते, शाई किती वेळात सुटते हे कळत नाही. त्यासाठी टोकाच्या भिंतीवरचा एखादा छोटा अंक घ्यावा, कारण तो तसाही बदलायचाच असतो.

टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा सत्तर टक्क्यांच्या द्रावणात भिजवून नेमका त्या अंकावर ठेवावा. दोन मिनिटांनी उचलून कापसाच्या ओलसर काडीने एकाच दिशेने, दाब न देता, हलकेच ओढावे. कापसावर अक्षराचा रंग आला तर मार्ग बरोबर आहे. डब्याचा रंग आला तर तत्काळ थांबून कोरड्या कापसाने टिपून घ्यावे आणि तो भाग तासभर तसाच ठेवावा, मऊ झालेला रंग पुन्हा घट्ट होतो. काहीच आले नाही तर वेळ दोन-दोन मिनिटांनी वाढवत न्यावी. दहा मिनिटांतही काही हलले नाही, तरच अधिक तीव्र द्रावणाकडे वळावे. तीव्रतेआधी वेळ वाढवायची, हा क्रम मोडू नये.

अल्कोहोलला दाद न देणाऱ्या शाईवर डेकल मऊ करणारी द्रावणे अनेकदा उपयोगी पडतात. मायक्रो सोल किंवा वॉल्थर्सचे त्याहून तीव्र सॉल्व्हासेट टिश्यूच्या तुकड्यावर टाकून पंधरा ते वीस मिनिटे अक्षरावर ठेवावे, सुकू लागले तर पुन्हा थेंब द्यावा, आणि मग टूथपिकचे टोक चावून किंवा ठेचून मऊ करून त्याने घासावे. टूथपिक प्लास्टिकपेक्षा मऊ असल्याने रिव्हेटांच्या मधली शाई त्याने निघते आणि ओरखडा पडत नाही. सपाट भागावर खोडरबरही चालते.

यातूनही राहिलेले ठिपके पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने काढावेत. पेपरचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा टूथपिकच्या बोथट टोकाला चिकटवून घ्यावा, म्हणजे शेजारचे अक्षर वाचते. शेजारच्या मजकुरावर मास्किंग टेप लावावा, पण त्या मजकुरावर चिकटवण्याआधी टेप एकदा स्वतःच्या तळहातावर चिकटवून काढावा, म्हणजे त्याचा चिकटपणा कमी होतो आणि टेप उचलताना हवी ती अक्षरेही उपटली जात नाहीत.

बाजूवर उठावाच्या उभ्या पट्ट्या असलेल्या डब्यावर विशेष जपावे लागते. माझ्या पहिल्याच डब्यावर मी उत्साहाने आडवे घासत गेलो. पट्ट्यांच्या मधली शाई जागची हलली नाही, पण पट्ट्यांच्या कडांवरचा रंग मात्र साफ गेला आणि खालचे करडे प्लास्टिक रेघारेघांनी डोकावू लागले. पट्टी असेल तेथे नेहमी पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासावे आणि कडेवर कापूस थांबू देऊ नये.

शाई गेल्यावर त्या जागी अक्षराची फिकट सावली किंवा चकचकीत डाग दिसतो. तो पाहून पुन्हा घासायला बसण्याचा मोह होतो, तो टाळावा. बहुतेक वेळा हा फरक रंगाचा नसून चकाकीचा असतो आणि पुढच्या वार्निशाखाली तो नाहीसा होतो. डबा ओला करून पाहावे. ओला असताना डाग दिसत नसेल, तर तो वार्निशाखालीही दिसणार नाही.

सबंध डबाच दुसऱ्या कंपनीचा करायचा असेल, तर असे तुकड्यातुकड्याने पुसण्यापेक्षा कवच तीव्र अल्कोहोलमध्ये झाकणाच्या डब्यात बुडवून सगळा रंग उतरवणे आणि नव्याने रंगवणे बरे. काही जण यासाठी मोटारीचे ब्रेक ऑइल वापरतात. त्याने रंग उतरतो खरा, पण जास्त वेळ राहिल्यास काही प्लास्टिके ठिसूळ होतात, म्हणून मी ते वापरत नाही.

न पुसता झाकणे

प्रत्यक्षातल्या रेल्वे कंपन्यांनी अक्षरे पुसण्याचा खटाटोप क्वचितच केला. डबा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला की जुन्या मार्कवर आणि क्रमांकावर रंगाचा चौकोन मारायचा आणि त्यावर नवी अक्षरे घालायची, ही तिकडची सरळ पद्धत. १ जून १९९९ रोजी कॉनरेल या अमेरिकन रेल्वे कंपनीचा कारभार नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोन रेल्वे कंपन्यांत विभागला गेला, तेव्हा नॉरफोक सदर्नच्या वाट्याच्या डब्यांना पीआरआर आणि सीएसएक्सच्या वाट्याच्या डब्यांना एनवायसी असे मार्क मिळाले. १९६८ मध्ये विलीन होऊन इतिहासजमा झालेल्या पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या कंपन्यांची नावे अशा रीतीने तपकिरी डब्यांवरच्या छोट्या चौकोनांत परत आली. आपल्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे, कारण कॉनरेलचे मोठे बोधचिन्ह तसेच राहते आणि बदलायचा तो फक्त हाताच्या बोटाएवढा भाग.

असा चौकोन करताना चारही कडांना टेप लावून, टेपच्या कडा नखाने दाबून, पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हलके हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर कडेला बांध उभा राहतो. रंग पूर्ण वाळण्याआधीच टेप सपाट मागे वळवून काढावा. चौकोनाचा रंग डब्याशी जुळवण्याचा आटापिटा करू नये. खऱ्या डब्यावर उन्हात विटलेल्या जुन्या रंगावर ताजा चौकोन वेगळा उठूनच दिसतो. खालची पांढरी अक्षरे रंगातून डोकावत असतील, तर आधी करड्या प्रायमरचा एक हात द्यावा.

नवी अक्षरे बसवणे

येथे घाई करणाऱ्यांचे काम नेहमी एकाच ठिकाणी फसते. मंद, म्हणजे चकाकी नसलेल्या, खरबरीत पृष्ठभागावर डेकल बसवले की फिल्मच्या खाली हवेचे सूक्ष्म कण अडकतात आणि अक्षराभोवती चंदेरी झाक दिसते. एकदा ती आली की काढणे कठीण. म्हणून ज्या भागावर अक्षरे यायची तेथे आधी चकचकीत पारदर्शक वार्निशाचा पातळ हात द्यावा आणि तो चोवीस तास वाळू द्यावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही मुदत दुप्पट धरावी.

अंक कापताना एकेक सुटा अंक कापण्यापेक्षा, डेकलच्या पानावर हवे असलेले दोन-तीन अंक शेजारी शेजारी मिळतात का ते शोधावे. छापतानाच जुळलेले अंतर हाताने जुळवलेल्यापेक्षा केव्हाही सरळ असते. अक्षराचा ठसाही पाहून घ्यावा. काही कंपन्यांची अक्षरे टोकांना फराटे असलेल्या रोमन वळणाची, तर काहींची सरळ गॉथिक वळणाची असतात, आणि उरलेल्या जुन्या अंकांशेजारी दुसऱ्या वळणाचा अंक बसला तर पुसण्याची सारी मेहनत वाया जाते. फिल्म अक्षराच्या अगदी कडेने, नव्या पात्याने कापावी.

पान जुने असेल तर आधी नको असलेले एखादे अक्षर पाण्यात टाकून पाहावे. तुकडे झाले तर सगळ्या पानावर मायक्रोस्केलच्या लिक्विड डेकल फिल्मचा हात देऊन वाळवावे आणि मगच कापावे.

कापलेला तुकडा चिमट्याने धरून दहा-पंधरा सेकंद डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवावा आणि मिनिटभर टिपकागदावर ठेवावा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, पंपावर बॅटरीसाठी मिळणारे पाणी घेतले तर ही अडचण उरत नाही. दरम्यान डब्यावर आधाररेषेसाठी टेपची पट्टी लावून तिच्या वर मायक्रो सेटचा थेंब पसरावा. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो आणि त्याने फिल्मची पकड वाढते. डेकल कागदावरून ओल्या ब्रशने थेट जागेवर सरकवावे, टेपच्या कडेला टेकवावे, भिंगातून पाहावे, हवे तर पुन्हा पाण्याचा थेंब देऊन हलवावे. जागा पक्की झाली की टिश्यूच्या टोकाने कडेचे पाणी शोषून घ्यावे. वरून दाबू नये.

अर्ध्या तासाने कडेला मायक्रो सोलचा थेंब लावावा, तो आपोआप फिल्मखाली शिरतो. काही क्षणांत फिल्म सुरकुतते आणि काम बिघडले असे वाटून काळजाचा ठोका चुकतो. या वेळी हात मागे घ्यावा. मऊ झालेल्या फिल्मला ब्रशचा स्पर्श झाला तर ती फाटते, आणि स्पर्श झाला नाही तर वाळताना तीच रिव्हेटांवर ताणून बसते. दुसऱ्या दिवशी तिरप्या उजेडात पाहून, बुडबुडा असेल तेथे सुईने भोक पाडून पुन्हा थेंब द्यावा. उभ्या पट्टीवरून जाणारी फिल्म पट्टीच्या कडेला पात्याने चिरावी, म्हणजे ती खाचेत उतरते. शेवटी ओल्या कापसाने कडेचा डिंक टिपून घ्यावा, नाहीतर तो पुढे पिवळट दिसतो.

घासून उमटवायची कोरडी अक्षरेही मिळतात. त्यांना फिल्म नसते, त्यामुळे ती रंगवल्यासारखी दिसतात, पण एकदा उमटली की हलवता येत नाहीत. ती कोऱ्या डेकल फिल्मवर उमटवून मग डेकलसारखी बसवणे हा मधला मार्ग आहे.

घरी छापायचे असल्यास

भारतीय वॅगनसाठी, किंवा जुन्या मराठी वळणाने म्हणायचे तर वाघिणीसाठी, तयार डेकल सहज मिळत नाहीत. येथे अडचण पांढऱ्या अक्षरांची येते, कारण घरगुती प्रिंटर पांढरी शाई छापत नाहीत. पांढऱ्या डेकल कागदावर डब्याच्या रंगाची पार्श्वभूमी छापून अक्षरे कोरी सोडणे हा एक उपाय आहे. रंग हुबेहूब जुळत नाही, म्हणून त्याची कड डब्यावरच्या एखाद्या पट्टीला टेकवून लपवावी. पांढरा टोनर असलेल्या लेझर प्रिंटरवर छापून देणारा मिळाला, तर उत्तमच. इंकजेटचे पान कापण्याआधी पारदर्शक वार्निशाने बंद करावे, नाहीतर पाण्यात शाई पसरते.

क्रमांक मनाने घालू नये. भारतीय वॅगनचा क्रमांक अकरा अंकी असतो: पहिले दोन अंक प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अंकी अनुक्रमांक आणि शेवटी पडताळणीचा अंक. सम स्थानांवरील अंकांची बेरीज तिपटीने घ्यावी, तीत विषम स्थानांवरील अंकांची बेरीज मिळवावी आणि पुढच्या दशकापर्यंत जितके कमी पडतील तो शेवटचा अंक. उदाहरणार्थ १० ०१ ०८ १२३५ यात सम स्थानांची बेरीज १६, तिची तिप्पट ४८, विषम स्थानांची बेरीज ५, एकूण ५३, म्हणून शेवटचा अंक ७. हे गणित अर्ध्या मिनिटाचे आहे आणि ते चुकलेला डबा ओळखणारे लोक प्रदर्शनाला हमखास येतात.

वार्निश आणि धूळ

सर्व अक्षरे दोन दिवस वाळल्यावर पूर्ण कवचावर मंद वार्निशाचा फवारा द्यावा, फक्त नव्या अक्षरांवर नव्हे. जुन्या-नव्याची चकाकी त्याशिवाय एक होत नाही. दमट हवेत लॅकर वार्निश फवारले तर ते दुधाळ होते, म्हणून कोरड्या दिवसाची वाट पाहावी. फवारताना मास्क लावावा. त्यावर चाकांजवळ तपकिरी आणि छताजवळ करड्या पावडरीचा अगदी हलका हात फिरवला की पुसलेल्या जागेची उरलीसुरली सावलीही धुळीत मिसळून जाते. क्रमांक ताजा रंगवलेला दाखवायचा असेल, तर तेवढ्यावरची पावडर ओल्या कापसाने पुसावी.

कवच परत चौकटीवर बसवण्याआधी दोन्ही बाजू आणि दोन्ही टोके यांवरचे क्रमांक मोठ्याने वाचून ताडून पाहावेत आणि वहीत उतरवून ठेवावेत. त्याच मालिकेतला सातवा हॉपर घरी येईल, तेव्हा कोणते अंक आधीच वापरले आहेत हे त्या वहीतूनच कळते.